आमच्या घरचं राखेचं काँक्रीट

आई फोनवर विचारते, "काय नवीन?" मी म्हणते, "काही नाही." खरं तर अमडापूरच्या आमच्या घरी वीजकेंद्रातली राख ट्रकनं येते आणि किस्से तिच्यामागून फुकट!

माझा नवरा मंगेश नोकरी सोडून ती राख सिमेंटमध्ये मिसळतो, ठोकळे पाडतो. मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हे मंजूर नाही. "राख नदीत सोडतेत, घरात नाही आणत!" म्हणून ते ठोकळ्यांच्या शेडमध्ये पाय ठेवत नाहीत. मंगेश हसण्यावारी नेतो. पण जेवताना त्यांच्याच तोंडाकडे पाहत असतो.

*

आमचं लग्न ठरताना मावशीनं विचारलं, "मुलगा काय करतो?"

बाबा म्हणाले, "राख विकत घेतो."

मावशी बाबांच्या जवळ सरकली. मग हळूच, "अजून एखादं स्थळ पाहू ना!"

*

सासूबाईंनी एकदा त्याच राखेनं भांडी घासली. मंगेश ओरडला, "आई, ते मटेरियल हाय!"

"मंग? माहे भांडे का भंगार हायेत?"

भांडी मात्र लखलखली. आता दर ट्रकमागे एक घमेलं त्यांचं.

*

राखेचं काँक्रीट सावकाश घट्ट होतं. एका गिऱ्हाइकानं ताज्या ठोकळ्यावर खिळा ओढला. "कच्चं हाय बे!"

"दोन महिन्यांनी पाहा, दादा," मंगेश म्हणाला. " खिळा वाकंन."

गिऱ्हाईक माझ्याकडे वळलं. "वहिनी, यानं तुमालेबी असंच सांगतलं होतं काय?"

सासरी मी मोठ्यानं हसले ती तेव्हा पहिल्यांदा.

*

मग पहिलं मोठं काम आलं. गावातल्याच एकाचं, सोयाबीन वाळवायचं खळं. तडा गेला असता तर गावात दुसरं काम मिळालं नसतं.

काँक्रीट टाकलं आणि दुसऱ्या दिवशी ऊन भाजायला लागलं. मंगेश खामगावला गेलेला, लाईट गेलेली, मोटर बंद. काँक्रीट तडकू नये म्हणून मी बादलीनं पाणी आणून त्यावरची गोणपाटं भिजवत होते. एका कोपऱ्याला गोणपाट पुरेना, म्हणून घरी पळाले.

परत आले तर खळ्याच्या कडेला मामाजी बसलेले. डोकं उघडं. त्यांचा पांढरा रुमाल ओला करून त्या कोपऱ्यावर पसरलेला, चारही टोकांना दगड.

"कोवळं हाय अजून, ऊन लागते त्याले," ते म्हणाले. "पाहून काय राह्यली, सूनबाई? पाणी आण!"