भर पावसात वणव्याची हाक

कंपनीत मशीनला कुणी लिंबू-मिरची बांधली की ती काढून कचऱ्यात टाकणारा माणूस मी. रांजणगाव एमआयडीसीत क्वालिटीला आहे, कारेगावात रूम करून राहतो. चहाच्या टपरीवर भुताखेताच्या गप्पा सुरू झाल्या की मी सरळ उठून जातो, मित्र त्यावरून चिडवतातही. तरी आज हे लिहितोय... कारण एकट्यानं बाळगणं जड झालंय.

आमचं घर दौंड तालुक्यात, भांडगावच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. होतं, म्हणायला पाहिजे. परसामागून ओढा जायचा, बहुतेक वेळ कोरडाच. डोंगरावरचं वाळलं गवत जाळलं की नवं जोमानं येतं, असं आमच्याकडे लोक धरून चालतात. गेल्या वर्षी होळीनंतर कुणीतरी असंच पेटवून दिलं. वणवा दिसला की दिसेल त्यानं वरून ओरडायचं आणि ऐकू येईल त्यानं कडुनिंबाची ओली फांदी मोडून आग झोडपायला पळायचं, ही आमची रीत. त्या दिवशी ओरडणारा माझा थोरला भाऊ होता, राजूदादा. वारा फिरला आणि तो मधेच सापडला. आम्ही फांद्या घेऊन पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं.

मग मे महिना. रविवार होता, मी घरी आलो होतो. भर दुपारी असा पाऊस कोसळायला लागला की समोरचा गोठा दिसेना. आबा, म्हणजे माझे वडील, ओसरीवर बसले होते. एकदम ताठ झाले.

"वणवा लागलाय. वरनं हाक आली."

मला पावसाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. "आबा, एवढ्या पावसात कसला वणवा? कुणाची हाक?"

दारात वहिनी, दादाची बायको, उभ्या होत्या. आबांनी त्यांच्याकडे पाहिलं, ओठ हलले... आणि तसेच अंगणात उतरून कडुनिंबाची फांदी मोडून अनवाणी डोंगराकडे निघाले.

"भाऊजी, आबास्नी आणा जा," वहिनी म्हणाल्या. "भिजून आजारी पडत्याल. मी च्या ठिवते."

खरं सांगतो, मला राग आला होता. म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला, असंच वाटलं. बरंच वर, जळून काळ्या पडलेल्या उतारावर त्यांना गाठलं, तोवर पाऊस जरा ओसरून खाली घर दिसायला लागलं होतं. दंड धरला आणि तेवढ्यात गडगडाट झाला — ढगांचा नाही, दगडांचा. राखेनं काळं झालेलं पाणी, धोंडे, जळकी खोडं, सगळं एकदम ओढ्यातून खाली आलं. "वहिनी! वर या!" मी ओरडलो, पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. घरावरचे पत्रे एकदा उचललेले दिसले, मग तेही दिसले नाहीत.

वहिनी खाली हायवेच्या पुलाजवळ सापडल्या.

पाणी का आलं ते मला कळतं. पाहणीला आलेल्या साहेबांनी सांगितलं, गवत जळालं की पाणी अडवायला काही उरत नाही आणि जळलेली माती पाणी पीत नाही. तेलकट तव्यावरून ओघळावं तसं सगळं राख-दगड घेऊन ओढ्यात येतं. पटलं. पण आबांना काय ऐकू आलं? भास म्हणावा, तर नेमका त्याच वेळी?

परवा धीर करून विचारलंच.

"हाक राजूची व्हती," आबा म्हणाले. "पर मला नव्हती. 'रूपाली, फांदी घिऊन वर ये' म्हणत व्हता. सारखं तिचंच नाव."

"मग वहिनींना सांगितलं का नाही?"

"कसं सांगू? पोरीचं रडं आत्ता कुठं थांबलं व्हतं. तिला काय म्हणू, तुजा नवरा हाका मारतोय? म्हटलं, आपुनच जाऊन बघावं..."

भास होता म्हणून त्यांची समजूत काढावी, तर मी जिवंत आहे तो त्याच भासामुळे.

आबा आता माझ्या रूमवरच असतात. पाऊस सुरू झाला की कानात कापसाचे बोळे घालून भिंतीकडे तोंड करून बसतात. ते काढा म्हणायची माझी हिंमत होत नाही.