बावन्न उंबरे

सगळी आळी तिला वाळूकाकू म्हणायची. कुठं बांधकाम दिसलं की ही बाई मूठभर वाळू रुमालात बांधून घरी आणायची. घरात गाळण्या चार. एक चहाला, तीन वाळूला. मॉडेलांखालची जमीन बनवणं हा तिचा धंदा. इवलीशी घरं, गाड्या, माणसं दुसरे करत. ती ज्यावर उभी राहतात तो खडक, चिखल, गवत काकूचं. नवरा सुतार. तो फळी कापून द्यायचा आणि जगातल्या कुठल्याही भांडणावर "जाऊ दे ना" म्हणायचा.

शिकायला येणाऱ्या पोरींना काकू एकच गोष्ट शंभरदा सांगे. वाळूखालचा डिंक खडखडीत सुकू द्या, मगच प्रायमर, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा फवारा. तोही लांबून, पातळ. जाड हात मारला की वाळूचा कण न् कण बुजतो. "मग ती जमीन नाही, बशी झाली."

एका कंपनीनं टॉवर बांधले. उद्घाटनाला दोन मॉडेलं शेजारी ठेवायची होती, 'आधी' आणि 'नंतर'. 'आधी'ची जमीन काकूकडे आली. कागदावर लिहिलं होतं, ओसाड माळ.

वाचून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लग्नानंतरची अठरा वर्षं तिनं त्याच जागी काढली होती. बावन्न घरं, एक नळ, आणि त्या नळावर रोजची भांडणं. कंपनीनं वस्ती उठवली, आणि आता म्हणे तिथं काही नव्हतंच! वा रे वा.

तिनं माळ बनवला. कागदात होता तसाच. फक्त त्यात काडेपेटीच्या काड्या कापून बावन्न उंबरे बसवले, ज्याचा जिथं होता तिथं. वर करडा प्रायमर मारला, पातळ.

कंपनीचे साहेब न्यायला आले. वाकून बघत म्हणाले, "काकू, या काड्या कसल्या?"

"घरांचे उंबरे."

"अहो, एवढं बारीक कोण बघणार आहे?"

"तुम्ही बघितलंत की."

साहेब हसले. माणूस हुशार होता, धंद्यातली मेख त्याला ठाऊक होती. "असं करा, प्रायमरचे आणखी दोन जाड हात मारा. आपोआप बुजतील. पुढची सगळी कामं तुम्हालाच देतो."

"नाही मारणार. पोरींना जन्मभर नको म्हणून सांगितलं, ते तुमच्यासाठी करू? दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. ही वस्ती एकदा पुसलीत तेवढं पुरे. माझ्या हातानं पुसली जायची नाही."

साहेब सुताराकडे वळले. "काका, तुम्ही तरी समजवा यांना."

झालं, काकूच्या मनात आलं. आता हा त्याचं ठरलेलं बोलणार. बोललाच असता, तर साहेबांदेखत तिनं घर डोक्यावर घेतलं असतं.

सुतारानं हातावरचा भुसा झटकला, चष्मा लावला. त्याचं बोट फळीवरून हळूहळू सरकत गेलं आणि तिसऱ्या ओळीतल्या एका काडीशी थांबलं.

"साहेब, माझी आई या उंबऱ्यावर गेली. भर दुपारी. मी कामावर होतो, ही माहेरी. या घरातली, या घरातली, त्या पलीकडच्या घरातली माणसं धावत आली. तिच्या तोंडात शेवटचं पाणी त्यांनी घातलं." त्यानं काडीवरचं बोट उचललं नाही. "आता तुम्हीच सांगा, ओसाड माळावर तिला पाणी कुणी पाजलं?"

साहेबांनी फळी न्यायला हात पुढे केला.

सुतारानं फळी उचलून छातीशी धरली, आणि साहेबांना दार उघडून दिलं.