ज्या गाण्यात नाव आलं नाही

माझ्या अक्षराबद्दल आणि शुद्धलेखनाबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. वेलांटी पहिली की दुसरी, हे मला अजून कळत नाही. उन्हाळाभर कुरडयांचा साचा दाबून मनगट दुखतं, त्यामुळे ओळी खाली उतरत जातात. हे मी कोणाला दाखवणार नाही, पण कोणाच्या हाती लागलंच तर हसू नये. नावाचा एक घोळ मी करून बसले आहे, म्हणून इथे कोणाचंच नाव लिहीत नाही.

आम्ही जळगावला राहतो. नवरा डाळमिलमध्ये हमाली करतो, मी लोकांच्या घरी पापड-कुरडया करून देते. मुलगा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आहे. त्याचा आणि त्याच्या तीन मित्रांचा बँड आहे. लग्नातला बँड नाही, गिटार आणि ड्रमवाला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं भांडण चाललंय.

गाणं त्याला मोठ्या बाबांनी शिकवलं, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी. मी त्यांना भाऊ म्हणायचे. ते धुळ्याला राहायचे. विहारात कार्यक्रम असला की पेटीवर तेच असायचे आणि माईकवरही तेच. गाणं चालू असताना कोणी दहा रुपये जरी पुढे केले, तरी ते गाणं थांबवून देणाऱ्याचं नाव पुकारायचे. नाव, गाव, कोणाच्या स्मरणार्थ, सगळं नीट. एकदा एका म्हातारीने पाच रुपये दिले तर तिचं नाव दोनदा घेतलं, कारण पहिल्या वेळी लहान पोरं ओरडत होती. माझ्या उभ्या जन्मात मी जी गाणी समोर बसून ऐकली, ती सगळी अशीच. मध्ये नाव येतं, मग गाणं पुढे जातं.

ते वारले तेव्हा मुलाने महिनाभर गिटारला हात लावला नाही. मग त्याने एक गाणं लिहिलं. हा श्वास माझा नाही, हा देह माझा नाही, ज्याला मी म्हणतो तोही कोणी नाही, अशा अर्थाचं. त्याच्या मित्रांनी ठरवलं की बँडचं पहिलं गाणं हेच काढायचं. स्टुडिओ, व्हिडिओ मिळून पंधरा हजार कमी पडत होते.

धुळ्याला माझ्या थोरल्या जाऊबाई आहेत. मी त्यांना अक्का म्हणते. नवऱ्याच्या वर्षाच्या पुण्यस्मरणाला विहाराला दान द्यायचं म्हणून त्यांनी पैसे बाजूला ठेवले होते, हे मला माहीत होतं. मी मुलाला न सांगता धुळ्याला गेले. मला कोणाकडे काही मागता येत नाही. साखर मागायची तरी मी दारातून परत येते. चहा झाला, भांडी घासून झाली, तरी तोंडातून शब्द निघेना. शेवटी निघाला तो असा की गाणं भाऊंच्या आठवणीतच आहे, दान समजून द्या, गाण्यात त्यांचं नाव घेतील.

नाव घेतील असं मला कोणी सांगितलं नव्हतं. मागणं सोपं व्हावं म्हणून मीच बोलले. आणि खरं सांगायचं तर मला ते खोटंही वाटलं नाही. पैसे दिले की नाव येतंच, एवढंच मला ठाऊक होतं.

अक्कांनी डब्यातून पैसे काढून दिले. म्हणाल्या, "जन्मभर लोकांची नावं घेतली त्यांनी. त्यांचं कोण घेणार, असं वाटायचं मला."

मुलाला मी हे सांगितलं तेव्हा रेकॉर्डिंग होऊन गेलं होतं. तो कपाळाला हात लावून बसला. त्याचा ड्रमवाला मित्र हसला आणि म्हणाला, मावशी, मग शेवटी आहेर आणि भांडीही वाचून दाखवू. मुलाने त्याला गप्प केलं, पण मला म्हणाला, "आई, गाण्यात म्हणतो की माझं काहीच नाही, मी पण नाही. आणि मध्येच धुळ्याच्या कोणाचं तरी नाव? मोठे बाबा असते तर तेच हसले असते."

पुण्यस्मरणाला पंधरा दिवस होते. रोज ठरवायचे की आज अक्कांना फोन करीन. फोन हातात घ्यायचे आणि खाली ठेवायचे.

त्या दिवशी घर भरलं होतं. पारोळ्याच्या आत्याबाई आल्या होत्या, दोंडाईच्याचे नाना आले होते. वंदना झाली. खीर वाढायच्या आधी अक्का उठल्या आणि म्हणाल्या की पोराने मोठ्या बाबांच्या नावाचं गाणं काढलंय, ते आधी ऐकू. पांढरी साडी, डोक्यावर पदर. सगळ्यांना त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पोरांना बाहेर काढलं, पंखासुद्धा बंद केला.

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्याला वाटलं असणार की नाव नाही हे मी अक्कांना सांगून ठेवलंय. त्याने फोन स्पीकरला जोडला.

गाणं सुरू झालं. नाना शेजाऱ्याला म्हणाले, "मिक्सर लागलं का कुठे?" दोघं-चौघं हसले. अक्का म्हणाल्या, "थांबा नाना, नाव येईल आता."

गाण्याच्या मध्यात मुलाचा आवाज थांबतो आणि बराच वेळ नुसती गिटार वाजते. विहारात नेमकं अशाच जागी नाव घेतात. अक्का पुढे झुकल्या. स्पीकरच्या इतक्या जवळ गेल्या की पदर त्याच्यावर पडला, तो त्यांनी उचलला आणि धरून ठेवला. मला माहीत होतं की नाव येणार नाही. त्या खोलीत एवढ्या माणसांत फक्त मला आणि माझ्या मुलाला माहीत होतं, आणि मी भिंतीला टेकून देवाला नाही, मोबाइलच्या रेंजला विनवत होते की आता जा, आता बंद पड. रेंज गेली नाही. मुलगा पुन्हा गायला लागला. अक्का तशाच झुकून बसल्या होत्या. गाणं संपलं आणि फोनवर केसांच्या तेलाची जाहिरात लागली.

पारोळ्याच्या आत्याबाईंना कमी ऐकू येतं, म्हणून त्या मोठ्याने बोलल्या. "बठ्ठं गानं सरी गयं. नाव कोठे शे?"

मुलगा म्हणाला, "मोठी आई, या गाण्यात नाव बसत नाही. पण गाणं त्यांचंच आहे."

एरवी अक्का आमच्यासारखंच बोलतात, मनाला लागलं की माहेरची बोली येते. माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "मंग ते पैसा दानना नहीत वं बाई. उसना समज."

दानाचे पंधरा हजार आता उसने झाले. मग अक्का उठून खीर वाढायला लागल्या. माझ्या वाटीत इतरांपेक्षा जास्त वाढली. ती खीर मी कशी संपवली ते मलाच माहीत.

परतीच्या एसटीत पारोळा आल्यावर मुलाने एवढंच विचारलं की तू मोठ्या आईला सांगितलं का नव्हतंस. मी म्हटलं, जमलं नाही. तो म्हणाला की मलाच सांगायचं होतंस, मी बोललो असतो. ते खरं होतं. त्याच्या पगारातून तो काही देत गेला, बाकीचे मी दोन उन्हाळे पापड-कुरडयांतून उभे केले. थोडे जमले की धुळ्याला जायचे. अक्का पैसे डब्यात टाकायच्या, चहा द्यायच्या. गाण्याचा विषय त्यांनी कधी काढला नाही.

दरम्यान गाणं पुष्कळांनी ऐकलं. एका घरी मी नागलीचे पापड लाटत होते, तिथली कॉलेजची मुलगी तेच लावून बसली होती. म्हणाली, मावशी, हे ऐका, मन शांत होतं. मी मान हलवली. माझ्या मुलाचं आहे असं सांगितलं नाही. ते गाणं लागलं की मला अक्कांच्या हातात धरलेला पदर दिसायचा.

शेवटचे हजार रुपये घेऊन गेले तेव्हा अक्का ओट्यावर दादर ज्वारी निवडत होत्या. वाटेत माझ्या मनात आलं होतं की शेवटचे तरी राहू दे म्हणतील. असं मनात यावं याचीही लाज वाटली. त्या तसं म्हणाल्या नाहीत. नोटा सुपाशेजारी ठेवून घेतल्या आणि वर एक वाटी पालथी घातली.

मी उठायला लागले तर म्हणाल्या, "बस. आते मना पैसा त्यामा नही. आते लाव ते गानं."

आपले पैसे आता त्यात नाहीत, म्हणून त्यांना ते ऐकायचं होतं. मला फोनवर गाणं लावता येतं, मुलाने शिकवलंय. गाणं सुरू झालं. अक्का ज्वारीतले खडे वेचत राहिल्या. नुसती गिटार वाजते ती जागा आली, तेव्हा मी त्यांच्याकडे बघूच शकले नाही. सुपातला हात थांबल्याचं मात्र ऐकू आलं. गाणं संपलं तेव्हा म्हणाल्या, "ते मधलं लांब वाजतं ना, तेवढं बरं आहे." पुन्हा एक मूठ दादर सुपात घेतली. "पौर्णिमेला विहारात दान देते. तिथे पुकारतील त्यांचं नाव. तूही ये."

मी हो म्हटलं. त्यांनी हात पुसले, वाटी उचलली, नोटा मोजल्या, आतून डबा आणून त्यातल्याही मोजल्या. बरोबर पंधरा हजार भरले.

"फिटले," अक्का म्हणाल्या.