शाकारलेल्या बोटीचा नांगर

‘काका, तुमच्या आजाराला इन्सोम्निया म्हणतात, म्हणजे निद्रानाश. पण आज तुम्हाला इथे आणावं लागलं ते त्यामुळे नाही, जायफळामुळे,’ असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा माझी आई, बायको सुनंदा आणि बहीण अशा तिघी खाटेभोवती उभ्या होत्या. तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. माझी छाती धडधडत होती, जीभ टाळ्याला चिकटली होती, तरी ते तीन चेहरे बघून मला हसू आलं.

मी मिरकरवाड्यातला तांडेल. बोट नाखव्याची, म्हणजे मालकाची. ती चालवायची आणि खलाशांना सुखरूप घरी आणायचं, हे काम माझं. गेला मोसम संपता संपता वारा सुटला, म्हणून आम्ही एका खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून थांबलो होतो. मी जरा आडवा झालो आणि नांगर घसरला. खडकाला लागता लागता बोट वाचली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण माझ्या मनाने एकच धरलं, की आपण डोळे मिटले की काहीतरी होतं.

पावसाळ्याची मासेमारीबंदी लागली. बोट किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीने शाकारून ठेवली. तरी अंथरुणाला पाठ टेकली की मी उठून नांगर बघायला निघायचो. नांगर आमच्याच पडवीत पडलेला होता! वाळूत बसलेली बोट कुठे जाणार, हे मला कळत होतं हो. अंगाला कळत नव्हतं.

मग दिवसा जाळी शिवताना बसल्या बसल्या डुलक्या यायला लागल्या. त्या नाखव्याने पाहिल्या. ओरडला नाही. ‘बंदी उठेस्तोवर तुझी झोप आली तर बोट तुझी. नायतर औंदा दुसरा तांडेल बघतो. लोकांची पोरं असतात रे बोटीवर,’ एवढंच म्हणाला. मला राग आला तो बरोबर बोलला म्हणून. बोट गेली तर मी कोण, हा प्रश्न डोक्यात शिरला आणि उरलीसुरली झोपही पळाली.

एकाची झोप गेली की अख्ख्या वाड्याला वैद्यकी येते. कुणी तळपायाला खोबरेल चोळ म्हणालं, कुणी उशाला कांदा ठेवायला सांगितलं. तेवढ्यात सावर्ड्याला दिलेली बहीण घरच्या झाडाची जायफळं घेऊन राहायला आली. सुनंदा मला दुधातून जायफळ द्यायची. सुनेच्या हाताला गुण नाही म्हणून आई गुपचूप तुपातलं चाटण द्यायची. बहीण मधातलं. गुण येईना, तशी प्रत्येकीने आपापली मात्रा वाढवली. आणि आमच्याकडचा पुरुष! पुढ्यात आलेली वाटी रिकामी करायची, ‘हे काय’ म्हणून विचारायचं नाही, हीच आमची रीत. शेवटी एके दिवशी जेवता जेवता भिंती फिरायला लागल्या आणि मला रिक्षात घालून दवाखान्यात आणलं.

पोटात काय काय गेलं ते डॉक्टरीणबाईंनी तिघींना वेगवेगळं विचारलं, तेव्हा तिघींचंही जायफळ बाहेर आलं. ईसीजी काढला, म्हणजे हृदयाचा आलेख. थायरॉइड आणि साखरेसाठी रक्त घेतलं. रिपोर्ट येईपर्यंत तिघी बाहेरच्या बाकावर बसून होत्या. आई पुन्हापुन्हा दारातून डोकावत होती. रिपोर्ट चांगले आले, तरी लक्ष ठेवायला म्हणून मला तिथेच ठेवून घेतलं.

‘घरगुती आहे म्हणून कितीही चालतं असं नसतं, काका,’ बाई म्हणाल्या. ‘आणि तुम्ही कशासाठी उठता, ते जायफळाला कसं कळणार?’

उत्तर सुनंदाने दिलं. ‘नांगर बघायला उठतात. बोट वरती काढलेली हाय, तरी.’

वाटलं, बाई हसतील. त्या हसल्या नाहीत. ‘मग बघा की. पण दिवेलागणीला जाऊन बघा. बोटीला हात लावा, आज सगळं ठीक आहे असं मोठ्याने म्हणा आणि घरी या. त्यानंतर बोटीचा विचार आला तर त्याला उद्या संध्याकाळची वेळ द्या.’

दुपारची झोप बंद, संध्याकाळनंतर चहा बंद, झोप लागो न लागो सकाळी ठरल्या वेळी उठायचं, आणि फोन माजघरात ठेवायचा. शिवाय प्रोग्रेसिव्ह मसल रिलॅक्सेशन नावाचा प्रकार त्यांनी शिकवला. म्हणजे पावलापासून एकेक अवयव आधी ताणायचा, मग श्वास सोडत सैल करायचा. मला हे सगळं शहरी थेर वाटलं. आमच्या धंद्यात अंग सैल सोडलं की माणूस पाण्यात! पण हातांपर्यंत आलो तेव्हा बाई म्हणाल्या, ‘मूठ उघडा.’ पाहिलं, तर दोन्ही मुठी मिटलेल्या. खाटेवर निवांत पडलोय असं समजत होतो आणि हातात न दिसणारा दोर धरून बसलो होतो.

झोप एकदम आली नाही, हे तुम्हाला मुद्दाम सांगतो. आधी तर आणखी चिडचिड झाली. सुनंदाने पोरांसमोर माझं ताणणं-सोडणं करून दाखवलं आणि सगळं घर हसलं. शाकारलेल्या बोटीला हात लावून एकटाच बोलतो म्हणून वाड्यात चेष्टा झाली. मी जात राहिलो. हळूहळू दोर सुटत गेला. झोप गेली असेल तर लाजू नका, समोर येईल ते गिळू नका, वेळेवर डॉक्टरांकडे जा, एवढंच माझं सांगणं. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. आणि माझ्या तिन्ही वैद्यांचेही. चुकल्या त्या मायेपोटी.

बंदी उठायला आली. पुढचं मी पाहिलेलं नाही, सुनंदाने सांगितलं. भल्या सकाळी नाखवा स्वतः आमच्या दारात आला. बोटीचं काय ते ठरवायलाच आला असणार. त्याने मला हाक मारायला तोंड उघडलं, तशी ही धावत पुढे गेली.

‘हळू बोला, नाखवा,’ ती म्हणाली. ‘निजलेत ते.’

नाखवा उंबऱ्यातूनच वाकून माझं घोरणं ऐकत जरा वेळ उभा राहिला. मग चप्पल हातात घेऊन पायऱ्या उतरला आणि खालून दबक्या आवाजात म्हणाला, ‘उठवू नको. तांडेल उठला का सांग, बोटीत बर्फ भरायला घेतोय.’