उसनं नाव

माझी पहिली मुलगी दोह्यात जन्मली, दिवस भरायच्या आधीच. एवढीशी होती. दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं आणि मनगटाला पट्टी बांधली. पट्टीवर नाव बापाचं. तिला स्वतःचं नाव नव्हतं, कारण चिपळूणहून माझ्या नणंदेचा हुकूम सुटला होता. आत्या ना ती. "नाव मीच ठेवणार. सुट्टीत इकडे या, मग थाटात बारसं करू. तोवर कुणी नावाने हाक मारायची नाही, सांगून ठेवते." ह्यांनी मुशैरिब भागातल्या ऑफिसातून आनंदाने ट्रंककॉल लावला होता, तर हा हुकूम ऐकून आले. माझं डोकंच फिरलं. पण ओली बाळंतीण, माहेर समुद्रापार, कुणाशी भांडणार?

त्या वॉर्डात एक स्विस सिस्टर होती. उंच, दणकट, आली की आधी तिच्या बुटांचा आवाज यायचा. तिच्या टेबलामागे भिंतीवर पाच-सहा बायकांचे फोटो चिकटवलेले होते. कुणी डोंगर चढणारी, कुणी डॉक्टरीण, कुणी चित्रकार. एक म्हातारी बायकांना मत मिळावं म्हणून जन्मभर भांडलेली. मी विचारलं, "नात्यातल्या का?" ती हसली. सगळ्यांचं नाव एकच होतं आणि तेच तिचंही. त्यांच्याकडचं जुनं, घरोघरचं नाव. त्या नावाची एखादी बाई गाजली की ही फोटो कापून ठेवायची.

"म्हणजे तुमच्याकडे बायकांना मत आत्ता आत्ता मिळालं?" मी म्हटलं. "माझी अडाणी आई कधीची देते."

"म्हणून तर म्हातारी सगळ्यांच्या वर लावली आहे," ती म्हणाली.

एकदा पेटीजवळ तिने विचारलं, "हिला काय म्हणू?" मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी बारशाचं सांगितलं. तिला काही केल्या पटेना. लेकराशी बोलायचं तर हाक नको का, म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "आत्या येईपर्यंत माझं घे. इतक्या जणींनी वापरलंय, अजून झिजलेलं नाही."

ते नाव मी इथे लिहीत नाही. माझ्याजवळच राहू दे. ह्यांनाही तेव्हा बोलले नाही, बहिणीच्या शब्दाबाहेर जाणारे नव्हते ते. पेटीच्या गोल भोकातून हात आत घालायचा आणि हळूच हाक मारायची, एवढंच मी करायचे. तिने माझं बोट धरलं होतं. खरंच धरलं होतं, कुणी काही म्हणो.

बारसं व्हायच्या दिवसाआधीच ती गेली. ह्यांनी आणि ऑफिसातल्या दोघांनी तिला शहराबाहेर नेऊन वाळूत ठेवलं. मला नेलं नाही. चिपळूणहून निरोप आला, बारसंसुद्धा न झालेल्या पोरीचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं. नाव नाही म्हणजे माणूसच नाही का? बिन महमूद भागातल्या आमच्या दोन खोल्यांत अंगावरचं दूध पिळून मी मोरीत सोडत होते.

पुढे दोन मुलगे झाले. आत्याबाईंनी मिरवून नावं ठेवली. सिस्टर त्याआधीच मायदेशी गेली होती.

मुलगे शाळेत जायला लागले होते तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी टीव्हीवर बर्फावरच्या शर्यती लागल्या होत्या. मुलं कंटाळली म्हणून हे बंद करायला उठले. तेवढ्यात एक बाई सपकन उतारावरून आली, जिंकली आणि तिचं नाव पुकारलं. तेच नाव. गर्दी घंटा बडवत पुन्हा पुन्हा तेच ओरडत होती.

"थांबा," मी म्हटलं. "बंद करू नका. आपल्या लेकीचं नाव घेतायत."

ह्यांचा हात बटणावर तसाच राहिला. मग मी सगळं सांगितलं, सिस्टरचं, पेटीचं. मला वाटलं, हे आता चिडतील. मुलं एकदा माझ्याकडे बघत होती, एकदा ह्यांच्याकडे.

हे म्हणाले, "वाळूत ठेवताना मला तिला एकदा हाक मारायची होती गं. काय म्हणून मारू, तेच कळेना."