चहानंतरचं रक्त

आमच्या भागातल्या एका नेत्याचा वाढदिवस होता, म्हणून पनवेलकरांची हृदयं तपासायचं ठरलं. सोसायटीसमोरच्या मैदानात मंडप घातला गेला. कमानीवर नेत्याचा हसरा चेहरा एवढा मोठा की खालचं ‘मोफत आरोग्य शिबिर’ शोधावं लागत होतं.

उपाशीपोटी सातला या, असा निरोप होता. मी आणि बायको सातला हजर. पण उद्घाटनाआधी सुई टोचायची नाही, असा आयोजकांचा दंडक. आणि उद्घाटक न्हावा शेवा बंदराच्या कंटेनर-ट्रकांमागे अडकलेले. साडेदहाला एका कार्यकर्त्याने चहा-वडे फिरवायला सुरुवात केली.

“काकू, घ्या. सायेब येतीलच आता.”

“अहो, पण रक्त द्यायचंय ना?”

“काय नाय होत. चक्कर येण्यापेक्षा बरं.”

तिने चहा घेतला, अर्धा वडाही. मग साहेब आले, शाली झाल्या, नारळ झाले, हृदयावर भाषण झालं आणि उरलेल्या वेळात रक्त घेतलं गेलं.

आठवड्याने अहवालांची पाकिटं आली. माझं ठीक होतं. तिचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, एकशे ब्याण्णव. शेजारी ‘डॉक्टरांना दाखवावे’.

मला हसू आलं. “हे तुझं नाही, त्या वड्याचं कोलेस्टेरॉल आहे.”

“तरी दाखवून येऊ का?”

“कशाला? तू सडपातळ, चतुर्थ्या धरणारी. त्या मंडपात धड निघालं ते फक्त भाषण.”

“बाबाही सडपातळच होते,” ती म्हणाली. तिचे वडील अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बसल्या जागी गेले होते.

“ते विड्या ओढायचे.”

तिने कागद घडी घालून पाकिटात ठेवला. समारंभ खोटा म्हणजे त्यातून आलेला कागदही खोटा, हे मला इतकं उघड वाटत होतं की मी दुसऱ्या कुणाला विचारलंही नाही. एरवी मी पावाची तारीखही दोनदा वाचतो.

आठ महिन्यांनी ती भाजी घेऊन जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबली. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. म्हणाली, दाढ ठणकतेय. पुढचे पंधरा दिवस दाढ जिन्यातच ठणकायची, घरात आलं की थांबायची. आम्ही लवंग दाबून पाहिली, मिठाच्या गुळण्या केल्या. शेवटी दाताच्या डॉक्टरांनी आरसा खाली ठेवला आणि विचारलं, “चढतानाच दुखतं? मग हा दात नाही. आजच हृदयाच्या डॉक्टरांकडे जा.”

एका रक्तवाहिनीत स्टेंट बसला. दुसरीही अरुंद झालेली. ती वाहिनी तूर्त गोळ्यांच्या भरवशावर.

घरी सोडताना डॉक्टरांनी तिला विचारलं, “कोलेस्टेरॉल आधी कधी तपासलं होतं?”

“नाही, कधीच नाही,” ती म्हणाली.

मी खिडकीबाहेर पाहिलं.

“मग तुम्हाला तरी कसं कळणार? ते दुखत नाही, खुपत नाही. रक्तवाहिनीच्या भिंतीत वर्षानुवर्षं साचत राहतं.”

“समजा,” मी शेजाऱ्याची चौकशी करावी तसं विचारलं, “तपासणीआधी कुणी खाल्लं असेल, तर आकडा चुकतो?”

“ट्रायग्लिसराइड ही रक्तातली दुसरी चरबी वाढते. एलडीएल फारसं हलत नाही. शंका आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासायचं. आणि हो, हे घराण्यातून येऊ शकतं. सडपातळ माणसालाही. मुलांचं रक्त तपासून घ्या.”

रिक्षात मी विचारलं, “खोटं का बोललीस?”

“तुमचं तोंड बघून.” रिक्षा सिग्नलला थांबली तशी ती म्हणाली, “आणि मलाही जन्मभराची गोळी नकोच होती. तुम्ही हसलात ते मला बरं वाटलं होतं.” खांदा कॉलनीचा सिग्नल सुटला. “पण लेकीला खरं सांगा. तुम्हीच सांगा.”

मुलगी खारघरला असते. संध्याकाळी फोन लावला.

“बाबा, मी पन्नास किलोची आहे. मला कसलं कोलेस्टेरॉल?” ती हसली. ते हसू तिने कुठून उचललं, हे मला विचारायची गरज नव्हती.

मी सगळं सांगितलं. मंडप, वडा, एकशे ब्याण्णव, माझा विनोद. आत स्वयंपाकघरात तिची आई गोळ्यांच्या पट्ट्या डब्यात लावत होती. पट्ट्यांचा आवाज थांबला.

“म्हणजे आठ महिने,” मुलगी म्हणाली, “तुम्हाला माहीत होतं?”

“हो,” मी म्हणालो. “दोघांनाही.”