ओके, पाटोडीसंगं

फोन आला तेव्हा मी चरोद्याला माझ्या घरी दाढी करत होतो. ताई म्हणाली, "तुये भाऊजी गेले रे..." मी उरलेली दाढी पूर्ण केली, ब्लेड धुतलं, मग स्कूटर काढली. दीड महिना झाला, डोळ्यांत टिपूस नाही. माझं मलाच कळत नाही.

भाऊजी पोलाद कारखान्याच्या लॅबमध्ये नमुने तपासत. निवृत्त झाले तरी सेक्टर सहाच्या क्वार्टरात ती खोड सुटली नाही. लोणच्याची बरणी असो की गव्हाचा डबा, तपासून पांढरी चिकटपट्टी लावायचे आणि बॉलपेननं लिहायचे, 'ओके'. पसंत नसेल तर पट्टी नाही. ताई म्हणायची, बरं झालं, माझ्या कपाळावर नाही चिकटवली!

त्यांची एकुलती एक मुलगी, मीनल, नाशिककडे वाइन चाखायच्या नोकरीला लागली आणि घरात अबोला आला. ती समजावत होती, बाबा, तोंडात घोळवून थुंकून टाकतो आम्ही, गिळत नाही. भाऊजी मला म्हणाले, "थुंकाचा पगार भेटते म्हनते पोट्टीले." कॉलनीत मात्र 'ज्यूसच्या कंपनीत आहे' असं सांगायचे. तीन वर्षं तिच्याशी बोलले नाहीत. एवढा हट्टी माणूस! मला तेव्हाही राग यायचा, आताही येतो.

उन्हाळ्यात एका लग्नासाठी मी नाशिकला गेलो, तेव्हा तिनं एक बाटली दिली. लाल, दाट, कडक. "मामा, बाबांना एकदा चाखायला सांगा. मसालेदार जेवणासोबत." बस, एवढंच मागणं.

मी ती घेऊन गेलो त्या दिवशी ताईनं पाटोडीचा रस्सा केला होता. भाऊजींनी बाटली उलटसुलट करून बघितली. मग चहाच्या काचेच्या ग्लासात बोटभर ओतून ट्यूबलाइटसमोर धरली, हुंगली, घोट घेतला. तोंड वाकडं. "जांभळावानी जीभ धरते." रस्सा भुरकून दुसरा घोट घेतला, तर तिखट आणखीच चढलं, ठसका लागला. मला वाटलं, संपलं. पण लॅबचा माणूस तो! बेसनाची पाटोडी नुसतीच चावली, मग तिसरा घोट. थांबले. "आता बसली. तुरटपना मेला, पाह्य." मग हळूच, "पोट्टीले अक्कल हाय, बापा."

"मंग लावा ना फोन तिले," मी म्हणालो.

"फोनवर नाही सांगत. दिवाळीले येऊन राहिली ना ते? समोर बसवून सांगतो."

उरलेली बाटली त्यांनी बूच लावून लोणच्याशेजारी ठेवली, पट्टी चिकटवून. उघडलेली वाइन रमसारखी महिनोन्महिने टिकत नाही, हे आम्हा दोघांनाही कुठं ठाऊक होतं... आणि दिवाळीच्या आधीच ते गेले. मी का नाही तेव्हाच फोन लावून त्यांच्या कानाला धरला?

तेरवीनंतर मीनलनं विचारलं, "मामा, चाखली होती का हो त्यांनी?"

मी बाटली समोर ठेवली. पट्टीवर बापाचं अक्षर, 'ओके. पाटोडीसंगं.' ती वाचतच राहिली. झालं ते सगळं मी सांगितलं, अक्कल हाय म्हणाले तेही. तिनं त्याच ग्लासात ओतली, नाकाशी नेली आणि चेहरा बदलला.

"आंबली, मामा. पार व्हिनेगर झालं."

तरी तिनं घोट घेतला, तोंडात घोळवला. मी थुंकायला वाटी पुढे केली.

तिनं वाटी बाजूला सारली आणि घोट गिळला.